अल-फाशरची पेंड: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

१५ एप्रिल २०२३ रोजी खार्टुममध्ये सुदानचे लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली, तेव्हा आपल्या खात्याने ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून साडेतीन हजारांहून अधिक भारतीयांना सुखरूप मायदेशी आणले. त्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. मात्र आपली माणसे परतली आणि सुदान आपल्या चर्चेतून जवळजवळ नाहीसे झाले, याची खंत वाटते म्हणून हे पत्र.

पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक सुदानी विद्यार्थी भाड्याने राहतो. त्याचे घर उत्तर दारफूरमधील अल-फाशरचे. मे २०२४ पासून रॅपिड सपोर्ट फोर्सेसने त्या शहराला वेढा घातला आणि पुढे भोवती मातीचा बांध उभारून बाहेर पडण्याच्या वाटाही बंद केल्या. २०२५च्या पावसाळ्यात त्याच्या आईचा निरोप आला, की घरात आता ‘अंबाझ’ शिजते. मी अर्थ विचारला, तेव्हा त्याने मोबाइलवर फोटो दाखवला: शेंगदाण्याचे तेल काढल्यावर उरणारी पेंड. आमच्या गावी ती म्हशीच्या आंबोणात घालतात. त्याच निरोपात आईने त्याला विचारले होते, की तू वेळेवर जेवतोस ना.

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर पडले. तेथील सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसे मिळून ४६० हून अधिक जण मारले गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. जे निसटले, ते सुमारे साठ किलोमीटर चालत तवीलाला पोहोचले, जिथे एप्रिलमध्ये अल-फाशरजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीतून हुसकावलेली कुटुंबे आधीच ताडपत्रीखाली दिवस काढत होती. त्या आईचा फोन तेव्हापासून लागलेला नाही.

लष्करानेही बाजारांवर बॉम्ब टाकले आहेत, तेव्हा मी कोणा एका बाजूची वकिली करत नाही. पण दारफूरमध्ये शस्त्रे नेण्यावर सुरक्षा परिषदेची २००४ पासून बंदी असताना ही शस्त्रे येतात कुठून? संयुक्त अरब अमिरातीतून चाडमार्गे ती रॅपिड सपोर्ट फोर्सेसला पोहोचतात, हा आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जानेवारी २०२४च्या अहवालात विश्वासार्ह ठरवला. अमिरातीने तो नाकारला आहे. अबुधाबीशी भारताचा इतका घरोबा असताना हा विषय आपण तिथे थेट आणि वारंवार काढावा, कारण परक्याने केलेल्या निषेधापेक्षा मित्राचा शब्द अधिक मनावर घेतला जातो.

दुसरी विनंती छोटी आहे. पुण्यात शिकणाऱ्या सुदानी मुलांची वास्तव्य परवान्याची मुदत, घरून पैसे येणे थांबले तरी, युद्ध संपेपर्यंत वाढवून मिळावी, यासाठी आपण गृहखात्याकडे शब्द टाकावा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाचा परवाना जूनमध्ये संपतो.

आपला नम्र,
एक नागरिक, पुणे