चोखणीशिवायची रात्र

नाशिक

प्रिय मित्रा,

तुझा निरोप रात्री पावणेतीनला आलेला पाहिला आणि पुढचं न वाचताच समजलो. पाच महिन्यांचं बाळ, तोंडातली चोखणी पडली की रडणं, आणि तुम्ही दोघं अंधारात ती चाचपताय. आमच्याकडे एका रात्री मी नऊ वेळा उठलो होतो.

या वयात झोपेचा एक फेरा जेमतेम पाऊण ते एक तासाचा. तो संपला की झोप पातळ होते, मूल चुळबुळतं. डोळे मिटताना तोंडात असलेली चोखणी आता नाही, हे त्याला तेव्हाच कळतं. ती स्वतः उचलून तोंडात घालणं अजून हातांना साधत नाही.

आम्ही ती एकदम तोडली नाही. लेकीचे डोळे जड झाले की हळूच काढून घ्यायची. शोधू लागली की परत द्यायची, परत काढायची. पहिल्या रात्री वीसेक वेळा तरी झालं. मग चोखणीऐवजी छातीवर माझा तळहात. लेकीला पेंगुळलेली, पण जागी असतानाच पाळण्यात ठेवायची. एकटीला रडत सोडणं मला जमलंच नसतं. पण कुरकुरली की लगेच उचलायचं नाही, दोन मिनिटं थांबायचं. ती दोन मिनिटं फार अवघड जातात रे! पण कितीदा तरी ती तेवढ्यात आपोआप झोपली. सोळाव्या रात्री पहिल्यांदा सलग पाच तास.

रात्रीचं पाजणं मात्र तोडू नका, या वयात भूक खरी असते.

काकू जायफळ उगाळून द्यायला सांगतील, कुणी चोखणीला मध लावायला. दोन्ही नको. मधातून बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो, म्हणून वर्षाचं होईपर्यंत तो वर्ज्यच. जायफळाचं प्रमाण चुकलं तर विषबाधा होते. काकूंना दुखवू नकोस, संध्याकाळची तेलमालिश आणि अंगाई त्यांच्याकडे दे. आमची लेक आजीच्या आवाजानेच निम्मी झोपायची.

आणि हो, चोखणी म्हणजे काही पाप नव्हे. झोपेतल्या अचानक बालमृत्यूचा धोका तिने कमी होतो, असं बालरोगतज्ज्ञही सांगतात. म्हणून सोडवायची की नाही, हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचार. चोखणी असो-नसो, बाळाला उताणंच झोपव, सपाट, घट्ट गादीवर. उशी, दुलई, मऊ खेळणी जवळ नकोत.

वहिनींचा आवाज परवा फोनवर फार थकलेला वाटला. शनिवारी रात्रीची पहिली पाळी तू घे, त्यांना दुसऱ्या खोलीत झोपू दे. रविवारी सकाळी फोन करतो.

तुझाच