मोजे काढायला सांगितलंत, त्याबद्दल

ताई,

वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या, पण पहिल्या दिवसापासून तोंडात 'ताई'च आलं, म्हणून इथेही तेच लिहितो. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखे अनेक जण आजही कंबरेला शेक देत बसले असतील.

तुम्ही फिजिओथेरपिस्ट, तुमच्याकडे मी आलो तो कंबरेचे व्यायाम शिकायला. चाललो की उजव्या पोटरीत गोळा यायचा. जेमतेम दीडशे मीटर, की थांबावंच लागायचं. वर्षभर सगळे, मीसुद्धा, मणक्याला दोष देत होतो. तुम्ही एकच प्रश्न विचारलात: "थांबल्यावर बरं वाटायला बसावं लागतं, वाकावं लागतं, की नुसतं उभं राहिलं तरी चालतं?" नुसतं उभं राहिलं तरी दोन-तीन मिनिटांत थांबतं, असं मी म्हणालो. तुम्ही लगेच म्हणालात, "मोजे काढा."

तोवर कुणीही माझे मोजे काढले नव्हते. तुम्ही पावलाच्या वरच्या बाजूला बोटं टेकवलीत, मग घोट्याच्या आतल्या बाजूला, मागे. डाव्या पायाची नाडी लागली, उजव्याची लागेना. तुमचा चेहरा गंभीर झाला, पण आवाज तसाच शांत होता. मणक्याची नस दबली असेल तर माणसाला बसल्यावर किंवा वाकल्यावर आराम पडतो. रक्त कमी पडत असेल तर स्नायूचं काम थांबलं की पुरे, हे तुम्ही तेव्हाच समजावलंत. व्यायाम त्या दिवशी झालाच नाही. तुम्ही चिठ्ठी देऊन मला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवलंत.

तिथे दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा रक्तदाब डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, मोजला. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागायचं. ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात असं धरतात. माझा उजवा पाय ०.६२. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा, जास्तही येऊ शकतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा दाबही पाहिला.

मला लगेच स्टेंट हवा होता, हे तुम्हाला आठवत असेल. जगातली पहिली अँजिओप्लास्टी १९६४ साली डॉ. चार्ल्स डॉटर यांनी केली ती हृदयावर नव्हे, पायाच्याच धमनीवर, हे मी वाचलं होतं आणि तेच धरून बसलो होतो. सर्जननी सांगितलं, पायाला जखम नाही, झोपेत दुखत नाही, तेव्हा आधी बारा आठवडे चाला. त्यांनी गोळ्या दिल्या: रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक, कोलेस्टेरॉलची एक. त्या फक्त पायासाठी नाहीत, ज्याच्या पायाच्या धमन्या अशा होतात त्याच्या हृदयाला आणि मेंदूलाही धोका असतो, हे मला पटवलंत ते मात्र तुम्ही.

आणि मग ते चालणं. आठवड्यातून तीन दिवस, ट्रेडमिलवर. दुखायला लागलं की थांबायचं, ही वर्षभराची सवय तुम्ही मोडलीत. बऱ्यापैकी दुखेपर्यंत चाला, मग उभे राहा, पूर्ण ओसरलं की पुन्हा सुरू. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, आपण पायाचं नुकसान करतोय. त्या भीतीने मी पट्टा बंद करायला हात पुढे करायचो. तुम्ही शेजारी उभ्या राहून घड्याळ पाहायचात आणि म्हणायचात, "हे दुखणं इजा करणारं नाही. अजून वीस सेकंद." तुमचे ते वीस सेकंद नसते तर मी दुसऱ्या आठवड्यातच सोडून दिलं असतं.

सिगारेटबद्दल तुम्ही एकदाही रागावला नाहीत. तीस वर्षांची सवय आहे म्हटल्यावर तुम्ही डॉक्टरांशी बोलून निकोटिनच्या पट्ट्या सुरू करवल्यात आणि पुढे रोज फक्त "आज?" एवढंच विचारलंत. "आज नाही," असं उत्तर देता यावं म्हणून मी कितीतरी संध्याकाळी तशाच काढल्या.

बारा आठवड्यांनी पुन्हा मोजलं. ०.६४. मी खचलोच. तुम्ही म्हणालात, "धमनी तीच आहे, पण स्नायू आलेलं रक्त नीट वापरायला शिकलाय. आकडा नको, अंतर पाहा." मी ट्रेडमिलवर पाहिलं: सहाशे मीटर, न थांबता.

आज चार महिने झाले. पावलं रोज रात्री आरशात बघतो, बोटांच्या बेचक्यांसकट. अनवाणी चालत नाही. कुरूप स्वतः कापायचं नाही आणि पाय गार पडले तरी गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, हेही लक्षात आहे.

एक विनंती आहे. तुमच्याकडे नवा पेशंट आला आणि पहिल्याच आठवड्यात पट्टा बंद करायला लागला, तर मला बोलवा. शेजारच्या ट्रेडमिलवर मी चालेन. ते वीस सेकंद कसे असतात, ते मला माहीत आहे.

तुमचा,
उजव्या पायाचा पेशंट