भिंगरीचा खाऊ

धरमपेठ, नागपूर

प्रिय विन्या,

तुझे तीन फोन उचलले नाहीत आणि दोनदा 'बँकेत आहे' असं खोटं कळवलं. रविवारी कोणती बँक उघडी असते बे, हे तुला तेव्हाच कळलं असणार. कारण भिंगरी, तू माझ्याकडे सोपवून गेलेली मांजर. आता बरी आहे, एवढं आधी वाच, मग शिव्या घाल.

दुकानातल्या खाऊच्या पाकिटांवर पैसे घालवणं मला पटेना. (कंजूस म्हण. गोकुळपेठेतल्या तर्री पोह्यांचे पैसे अजून तुझ्याकडेच आहेत, माझ्याकडे नाही.) म्हटलं, घरीच करू. चिकनचा खिमा, एक अंडं, आणि चव यावी म्हणून कांदा-लसणाची दोन चमचे पेस्ट. सावजीवर पोसलेला माणूस मी, बिनलसणाची कोंबडी म्हणजे दवाखान्यातलं जेवण! ओव्हनमध्ये खरपूस वड्या झाल्या. बाईसाहेब चार दिवस मिटक्या मारून खात होत्या आणि मी सुमनला ऐकवून राहिलो होतो, बघ, पाकिटापेक्षा भारी.

पाचव्या दिवशी ती कूलरपुढून उठेना. वाटलं, ऊन बाधलं. मग तिच्या रेतीच्या ट्रेमध्ये पाहिलं, तर लघवी कोऱ्या चहासारखी. ओठ वर केला, हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय दिलं?" म्हटलं, चिकन. "आणि?" त्या 'आणि'ला माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लेका. शिजवा, भाजा, पावडर करा, विष जात नाही. लसूण तर कांद्याहून जहाल. आणि त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो, म्हणून मी आपला खुशाल चारत राहिलो. तीन दिवस सलाईन झालं. रक्त चढवायची वेळ आली नाही, इतकंच. सुमन म्हणते, "वाचली ना, आता किती दिवस घोकाल?" पण तू जाताना भिंगरीची टोपली माझ्या हातात दिलीस आणि मागे न बघता ऑटोत बसलास, ते तिने कुठे पाहिलंय.

आता खाऊ म्हणजे नुसतं चिकन. साध्या पाण्यात उकडायचं. मीठ नाही, हळदसुद्धा नाही. हाडाचा कण राहू द्यायचा नाही, शिजलेलं हाड तुटून टोकदार होतं. मग रेषेरेषेने सोलून, तुरीच्या दाण्याएवढे तुकडे करून मंद ओव्हनमध्ये सुकवायचे. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, त्यात खाऊचा वाटा 20च्या वर नको, म्हणजे उकडलेलं चिकन जेमतेम 12 ग्रॅम. मी सुमनचा सोनं तोलायचा काटा काढला. तिने पाहिलं, काही बोलली नाही. ते जास्त भीतीदायक.

एक मात्र सांगून टाकतो. तुझं ते बशीभर दूध! डॉक्टर म्हणाले, मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, पोट बिघडतं. बारा वर्षांचं भांडण मी जिंकलो. हे मला तुला तोंडावर सांगायचं होतं, पण माझ्याच तोंडाला लसणाचा वास.

माझी साखर ठीक, गुडघा होता तिथेच आहे. तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं? नातू चालायला लागला का? वहिनींना नमस्कार. पक्या भेटला होता, तसाच आहे.

काल तिने पहिल्यांदा माझ्या हातातून तुकडा घेतला. आधी हुंगला, माझ्याकडे पाहिलं, मग परत हुंगला. इतकी चौकशी पूर्वी करत नव्हती.

दिवाळीत येशील तेव्हा टोपली मागशील, ही धास्ती आहे. ती माळ्यावर टाकली आहे आणि शिडी मोडली आहे.

तुझा,
अव्या