रविवारी माझी मशीन बंद असते

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या जानेवारीत एका मोठ्या कंपनीचे साहेब बोलले होते की आठवड्याला ९० तास काम करा, रविवारीपण या, घरी बसून बायकोकडं किती वेळ बघणार. लोकांनी चार दिवस मोबाईलवर चर्चा केली अन् विषय संपला. मला मात्र ते फार लागलं, कारण त्याच सुमारास आम्ही दोघांनी ठरवलं होतं की आठवड्यातला एक दिवस एकमेकांकडं बघायचंच.

आम्ही ख्रिस्ती, जालन्याचे. यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, ऑनलाईन फॉर्म भरून देतात, मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. रविवारी चर्चला लहानपणापासून जातो, पण उपासना संपली की हे शटर उघडायचे अन् मी मशीनवर, लग्नसराईत तर चर्चच्या गेटवरच बायका गाठायच्या, ताई झालं का माझं. आम्हाला वाटायचं शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळतो, पण पाळत होतो फक्त दोन तास.

मग दुकान बंद ठेवायला लागलो तर वेगळंच झालं. यांचा आराम म्हणजे सकाळी पोहे, दुपारी मटण, चार वेळा चहा, वरून पाहुणे. माझा रविवार सोमवारपेक्षा जड झाला. एका रात्री भांडी घासता घासता रडूच आलं. यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढून बसले. तिथं यादीच आहे, तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आतला परका, कुणीच काम करायचं नाही. बायकोचं नाव नाही त्यात. हे म्हणाले, "तू" म्हणजे आपण दोघं. मी म्हणलं, दासीलासुद्धा विसावा आहे अन् मी चुलीपुढंच, असं कसं.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी दोघं मिळून तयारी करतो. मी धपाटे लाटते, हे भाजतात, शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवतात, दही विरजून ठेवलं की झालं, दुसऱ्या दिवशी गॅस फक्त चहापुरता. इस्राएल लोकांनासुद्धा रानात सहाव्या दिवशी मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, दुप्पट मिळायचा, तो यासाठीच. आपल्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळून आवतण देतात ना, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, तसंच हे, विसाव्याला आदल्या दिवशीच बोलवावं लागतं. मशीनवर चादर टाकली की मलाच हलकं वाटतं. नळाला पाणी रविवारीच आलं तर भरतो, त्याला इलाज नाही. पण दुकानाचा फोन बंद म्हणजे बंद. गिऱ्हाईक तुटतं, लग्नसराईत चांगलंच तुटतं, खोटं कशाला सांगू. पण दुपारी कडुनिंबाखाली बसून यांनी मला त्यांच्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं, ते लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं.

कुणी म्हणेल हा तुमच्या धर्माचा विषय. पण नारायण मेघाजी लोखंडे ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते, त्यांनी गिरणी कामगारांसाठी लढून १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. आज दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवता येतात, तरी महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्यायचीच असं लिहिलेलं आहे. बाजारातल्या कापड दुकानात उभ्या राहणाऱ्या पोरींना ती किती ठिकाणी मिळते, मालकांनी स्वतःच सांगावं.

अन् ऊसतोडीचं काय? आमच्या मराठवाड्यातून दर दिवाळीनंतर हजारो जोडपी जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईला ताप आला, पाळी आली, एक दिवस फडात गेली नाही तर खाडा, अन् खाड्याचे पैसे आगाऊ घेतलेल्या उचलीच्या हिशेबात कापतात. तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव, असं त्याच अध्यायात लिहिलंय. साखर कारखाने अन् मुकादमांनी पुढच्या हंगामाच्या करारात आठवड्याला एक दिवस बिनखाड्याचा, अख्ख्या कोयत्याचा, लिहून द्यावा, अन् आपल्या पेपरानं हा प्रश्न लावून धरावा एवढी विनंती आहे.

आपली एक वाचक,
जालना