येतो म्हणायचं की नाही

तंजावर,
१८ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गोधडी पोचली. पार्सल फोडलं तसा डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर सुटला आणि चिमीने त्यात नाक खुपसून सांगून टाकलं, "आजीचं कपाट आलं!" पांघरायला नकोच आहे तिला, इथं जानेवारीतही दुपारी पंखा लागतो. पण झोपताना उशाशी हवी. बाबांच्या निळ्या पट्ट्यांच्या पायजम्याचा तो कोपऱ्यातला तुकडा चिमटीत धरते, जरा वेळ चुरगाळते आणि पाच मिनिटांत गप्प. म्हैसूरहून हीच गोधडी "दोन किलोचं ओझं" म्हणून तुमच्याकडे परत पाठवणारे तुमचे जावई खाली मान घालून बसले होते. तो निर्णय दोघांचा होता, पण तेवढं मी त्यांच्या नावावर खपवते.

फोनवर मी नेहमी "सगळं मजेत" म्हणते. फोन स्पीकरवर, पोरं कडेला, मग खरं काही बोलणंच होत नाही. म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधे तुमच्याविषयी आहे, तिथं आवाज बारीक करू नका.

पोरांना घेऊन गावोगाव हिंडायला निघायच्या आदल्या रात्री आई डब्यात लाडू भरताना म्हणाली होती, "तुम्हा मोठ्यांचं निभेल गं, पण पोराला खुंटा लागतो." मी फणकारले होते. जग हीच शाळा, चार भिंतींत काय शिकतात, वगैरे जे सगळे म्हणतात ते मीही म्हटलं. मोबाइलवर दिसतात ना ती हिंडणारी कुटुंबं, सूर्यास्तासमोर उड्या मारणारी गोंडस मुलं! त्यातल्या एकाही व्हिडिओत कुणाच्या पोटात दुखत नाही.

सोन्याच्या दुखायला लागलं. रामेश्वरात, डिसेंबरच्या शेवटी. रोज सकाळी, बेंबीभोवती. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जंत, पाणी, खाणं सगळं विचारलं, काही सापडलं नाही. नखं तर त्याने मुळापर्यंत खाल्ली होती, तीही मला त्या दवाखान्यातच दिसली. सहा महिने चोवीस तास पोरासोबत राहून हे दिसू नये!

मग उलटं मोजत गेले तेव्हा कोचीपाशी अडकले. फोर्ट कोचीत आम्ही नऊ दिवस होतो. तिथं किनाऱ्यावर ती मोठाली चिनी जाळी आहेत, लाकडी बल्ल्यांना टांगलेली, दोऱ्यांना दगड बांधलेले, चार-पाच माणसं मिळून ओढतात तेव्हा पाण्यातून वर येतात. त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळायची. सोन्याला एक मित्र मिळाला. याला मल्याळम येत नाही, त्याला मराठी नाही, दोघांचं हिंदी तोडकंमोडकं. पण आऊट-नॉटआऊटवरून अस्सल भांडायचे. दहाव्या दिवशी पहाटेची गाडी होती. आम्ही झोपेतच पोरांना उठवलं, रिक्षात घातलं, निघालो. सोन्याने एकदाच विचारलं, "त्याला सांगितलं नाही." मी म्हटलं, "अरे, नवे मित्र मिळतील."

रामेश्वरात घरासमोर पोरं खेळत होती. मी म्हटलं, जा ना. तो पायरीवर बसून राहिला. म्हणाला, "परवा जायचंच आहे ना? मग कशाला ओळख करायची?" चिडून नाही, अगदी हिशेब सांगावा तसं. नऊ वर्षांच्या पोराने.

बाबा, "नवे मित्र मिळतील" हे वाक्य माझं नाही, तुमचं आहे. पैठणच्या कॉलनीतून निघालो तेव्हा ट्रकच्या फाळक्यापाशी तुम्ही मला म्हणाला होता. मी पाचवीत होते. शेजारची शोभा तापाने झोपली होती, तिच्या आईने मला आत सोडलं नाही, आणि ट्रकवाल्याची घाई चालली होती. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून ते वाक्य बोललात आणि ते खरंही झालं. कोयनानगरला मिळाल्या, भिगवणला मिळाल्या. आठवीनंतर मात्र मी कुणाला घरी बोलवायचं सोडून दिलं. तुम्ही दोघं पाहुण्यांना अभिमानाने सांगायचात, "आमची कुठंही रमते." मी रमत नव्हते, मी तेवढं मनाला लावून घेत नव्हते. त्यात फरक आहे, हे मला चाळिशीला टेकल्यावर माझ्याच पोराकडे बघून कळलं.

तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्हाला तरी कुणी विचारलं होतं, बदलीचा कागद हातात पडला की पोटात काय होतं ते? पण वाचताना थांबू नका, पुढे आईविषयी चांगलं आहे.

रूथ यूसीम नावाच्या एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होत्या. १९५०च्या दशकात त्या भारतात आल्या, इथं कामानिमित्त राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करायला. आईबापांच्या मुलुखाबाहेर वाढणाऱ्या अशा मुलांना त्यांनी 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं' असं नाव दिलं. पुढे इतरांनी त्यावर बरंच लिहिलं. त्यातलं एक मला टोचलं. सारखी जागा बदलणाऱ्या मुलांचं दुःख साचत जातं, कारण ते कुणाच्या लेखी दुःखच नसतं. कुणी गेलेलं नसतं, काही बिघडलेलं नसतं, उलट पुढे काहीतरी छान दाखवायला न्यायचं असतं. मग रडायचं कशाबद्दल? परदेशातल्या मुलांचं हे, पण मला आमच्या कॉलनीतल्या बदलीवाल्यांची पोरं एकेक करून आठवली.

त्या रात्री मी सोन्याजवळ बसले आणि म्हटलं, तुला न सांगता निघालो ते आमचं चुकलं. समजूत घातली नाही, पुढच्या गावाची लालूच दाखवली नाही. बराच वेळ काही नाही, मग हुंदके देऊन रडला. तुमचे जावई उठून त्याला "बघ, उद्या समुद्र" म्हणणार होते, मी हातानेच त्यांना थोपवलं. रडून झाल्यावर त्याने विचारलं काय, तर "आजी म्हणते जातो म्हणू नये, येतो म्हणावं. पण आपण परत येणारच नाही, मग ते खोटं नाही का?"

आई, याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव. मला नाही सुचलं.

तोडगा त्यानेच काढला. पोस्टातून पन्नास पैशांची पोस्टकार्डं आणली. जाळ्यांजवळच्या चहावाल्याचा पत्ता यांनी फोन करकरून मिळवला आणि त्याच्यामार्फत मित्राला कार्ड गेलं. वर जाळ्याचं चित्र, खाली धावांचा हिशेब. उत्तर आलेलं नाही. रोज विचारतो. येईलच असं मी म्हणत नाही, वाट बघणं अवघड असतं एवढंच म्हणते. पोटदुखी एकदम थांबली असं नाही, पण आता सकाळऐवजी कधीतरी, आणि स्वतःच सांगतो, "हे खाण्याचं नाही, दुसरं आहे."

चिमीचं निराळंच. रामेश्वराजवळच्या धनुष्कोडीला नेलं ही आमची हौस. १९६४च्या डिसेंबरात, २२च्या रात्री, तिथं वादळ आलं, समुद्र गावात शिरला, प्रवाशांनी भरलेली रेल्वेगाडीच वाहून गेली. आता वाळूत चर्चच्या भिंती उभ्या आहेत, पाणी टाकीचे अवशेष आहेत. आम्ही मोठ्या उत्साहाने सोन्याला इतिहास सांगत होतो आणि पाच वर्षांची पोर शेजारी उभी राहून ऐकत होती. रात्री विचारते, "आपलं घर आहे ना तिथंच?" आहे म्हटलं. "तू बघितलंस?" मग दुसऱ्या दिवशी आई, तुला मी व्हिडिओ कॉल लावून फाटक दाखव, तुळस दाखव, गळक्या नळाखालची बादली दाखव म्हणून पिडलं, ते यासाठी. तुला वाटलं आम्हाला घराची आठवण येतेय. तिला खात्री करून घ्यायची होती. बादली भरलेली पाहिली तेव्हा ती जेवली. नळ दुरुस्त केलात तरी बादली तिथंच ठेवा.

आता खुंट्याविषयी. आई, तू हरल्यासारखं नको वाटून घेऊस, तू जिंकली आहेस. पहिल्या दोन महिन्यांत आमचे चौदा मुक्काम झाले होते, वेडेपणा नुसता. आता एका गावात निदान तीन आठवडे. निघायच्या आधी दोन दिवस नवीन काही बघायचं नाही, फक्त ओळखीच्यांना भेटून घ्यायचं: दूधवाला, कुत्रं, खेळातली पोरं. दिवेलागणीला शुभंकरोति, कुठंही असलो तरी. मी देवभोळी झाले नाही, पण संध्याकाळ झाली हे पोरांना दर गावात एकाच तऱ्हेने कळावं. आणि नव्या खोलीत शिरलो की सामान उघडायच्या आधी दूध उतू घालायचं. तुझं बघून. दर क्वार्टरमध्ये तू ट्रंका तशाच ठेवून आधी स्टोव्ह पेटवायचीस, आम्ही तिघं भावंडं भोवती, आणि दूध भसकन वर आलं की तू म्हणायचीस, "झालं आपलं घर." तेव्हा वाटायचं रीत आहे. आमच्यासाठी करत होतीस की स्वतःसाठी, हे कधी विचारलं नाही.

परवा पोंगल झाला. आमच्या घरमालकीणबाई इथल्याच, तंजावरच्या मराठी. त्यांच्या कित्येक पिढ्या इथं गेल्या. बोलतात ते मराठीच, पण चाल तमिळ. सोन्या आधी हसला, आता त्यांच्यामागे मागे असतो. अंगणात रांगोळी, तीन विटा, मडक्याला हळदीची ओली रोपं बांधलेली. दूध वर चढायला लागलं तसे सगळे वाकून बघायला लागले, कडेवरून ओघळलं मात्र आणि आख्खी आळी ओरडली, "पोंगलो पोंगल!" चिमी उड्या मारत माझ्याकडे धावली, "आई, यांनी पण घर केलं!" पोंगल म्हणजे उतू जाणंच, असं बाईंनी सांगितलं. मी तोंड फिरवून धुराचं निमित्त केलं.

इथल्या बृहदीश्वराच्या देवळात, राजराज चोळाने १०१०च्या सुमाराला पुरं केलेल्या, भिंतीवर मराठी लेख कोरलेला आहे. इथल्या मराठा गादीवरच्या सरफोजीराजांनी १८०३मध्ये भोसल्यांच्या घराण्याची हकीकत कोरून घेतली. सगळीकडे तमिळ पाट्या, महिनोन्महिने पोराला काही वाचता येत नव्हतं, आणि एकदम देवनागरी. सोन्या बोट न लावता, हवेत बोट फिरवत अक्षरं लावत बसला. अर्ध्या शब्दांचा अर्थ मलाही लागला नाही. व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, सतराव्या शतकात इथं आले आणि त्यांच्या वंशजांची गादी १८५५पर्यंत टिकली, हे मी सांगितलं. त्याने विचारलं, "निघताना ते येतो म्हणाले असतील?"

बेत असा. आसामातलं माजुली बेट आणि अरुणाचल रद्द. ते खूप मनात होतं माझ्या, दोन दिवस धुसफुसले, संपलं. मार्चपर्यंत तंजावर, पाडव्याला घरी. जूनमध्ये शाळा. बाबा, दाखल्याची काळजी नको. शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे, आणि नऊ वर्षांच्या पोराच्या पाढ्यांचा प्रश्न तुम्ही पंधरा दिवसांत सोडवाल.

तोवर एक करा. बुधवार आणि रविवार संध्याकाळी सातला सोन्याला फोन, आमच्या मध्यस्थीविना. "मजा येतेय ना?" असं विचारू नका, त्यावर हो म्हणण्यावाचून पोराला इलाज नसतो. आज काय आवडलं नाही ते विचारा. पहिल्यांदा काही बोलणार नाही. तुम्हीही तुमचं न आवडलेलं सांगा, मटारच्या भावाबद्दल सांगा हवं तर.

आणि तुमच्या जुन्या डायऱ्या माळ्यावर आहेत, त्यात पैठणच्या शेजाऱ्यांचा गावाकडचा पत्ता असेल तर शोधून पाठवा. शोभाचं लग्न होऊन आडनाव बदललं असेल, पण वडिलांच्या पत्त्यावर कार्ड टाकून बघते. पोस्टकार्डं उरली आहेत.

येते.

तुमची,
ताई

ता. क. मेतकूट संपलं. या वेळी पिशवी दुहेरी बांध, मागच्या वेळेपासून सोन्याच्या वह्यांना अजून हिंगाचा वास येतो.