दुसरा भाग असा सोडायचा नसतो रे

सोन्या,

तुझा मेसेज बघितला, "आई सेकंड पार्ट स्लो आहे, सोडला". सोडला काय सोडला! रॉबर्ट जॅक्सन बेनेटच्या जादूच्या कादंबऱ्यांचा पहिला भाग 'फाउंड्रीसाइड' माझ्या हातात कोंबणारा तूच, "आई हे तुझ्या कामाचं आहे" म्हणून पाठ सोडत नव्हतास, आणि आता मी दुसऱ्या भागात, 'शोरफॉल'मध्ये, अडकले तर तू पळालास. फोनवर सांगायला गेलं की तुझं "हो हो, नंतर बोलू" सुरू होतं म्हणून हे लिहितेय, मेसमध्ये जेवताना वाच, एका दमात नाही झालं तरी चालेल.

माझं संपलं. ठाणे ते रबाळे म्हणजे जेमतेम पाव तास, त्यात ट्रान्सहार्बरला सकाळी बसायला मिळालं तर वाचणार, नाहीतर एका हाताने कडी आणि दुसऱ्या हातात पुस्तक. शेवटी शेवटी तर घरीच वाचत बसले आणि वरणाला फोडणी बाबांनी दिली, हिंग जरा जास्तच पडलं पण मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर उठावं लागलं असतं.

आता मला हे पुस्तक एवढं का आवडलं ते सांगते, आणि ते सांगायला माझ्या प्लांटमध्ये यावं लागेल. तू लहानपणी विचारायचास ना की तू ऑफिसात काय करतेस, तेव्हा मी "मशीनला बटणं लावते" असं सांगून वेळ मारून न्यायचे. तर खरं असं आहे की आमच्या रिअ‍ॅक्टरला, म्हणजे रसायनांच्या मोठ्या टाकीला, वर मॅनहोल असतं, त्याचं झाकण उघडं असेल तर आतला अ‍ॅजिटेटर, म्हणजे ढवळणारं पातं, सुरू होता कामा नये, आत माणूस असू शकतो. म्हणून झाकणाला एक लिमिट स्विच असतो. पण पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, झाकण दिसत नाही रे. त्याला फक्त इनपुटवर आलेला २४ व्होल्ट दिसतो. २४ व्होल्ट आला म्हणजे झाकण बंद, विषय संपला. आता कुणी शहाणा त्या स्विचच्या दोन वायरी जंपर मारून जोडतो, किंवा लॅपटॉप लावून तो इनपुट फोर्स करतो, झाकण सताड उघडं आहे आणि पीएलसी मात्र शंभर टक्के खात्रीने समजतोय की बंद आहे. तो मूर्ख नाही, त्याला सांगितलेल्या जगात तो अगदी बरोबर वागतोय.

बेनेटच्या पुस्तकातली जादू एक्झॅक्टली हीच आहे! म्हणून मला पहिल्याच भागात झिणझिण्या आल्या. गाडीच्या चाकावर चिन्हं कोरायची आणि चाकाला पटवायचं की तू उतारावर आहेस, मग सपाट रस्त्यावरही ते बिचारं आपलं उतरतच राहतं. बाणाला पटवायचं की तू समोर जात नाहीयेस, तू सरळ खाली पडतोयस आणि कधीपासून पडतोयस, मग तो ज्या वेगाने जाऊन आदळतो तो वेग कुठल्याही धनुष्याच्या बापाला जमणार नाही. मंत्र नाही, छडी नाही, निवडलेला राजपुत्र नाही. वस्तूला खोटं सांगायचं पण इतकं व्यवस्थित, इतकं बिनचूक सांगायचं की तिला दुसरं काही वाटायला जागाच उरू नये. आणि एक शब्द चुकला तर वस्तू तुम्ही लिहिलं तेच करणार, मनात काय होतं ते नाही. हे मी ट्रेनी पोरांना रोज सांगते, त्यांना पटत नाही, त्यांना हे पुस्तक द्यायला पाहिजे.

आणि ते लेक्सिकॉन! दर वेळी सगळा युक्तिवाद चाकावर कोरत बसलात तर चाकावर जागा कुठून आणणार, म्हणून लांबलचक व्याख्या एका मोठ्या यंत्रात साठवायच्या आणि चाकावर फक्त एक छोटं चिन्ह. तुमच्या भाषेत लायब्ररी इम्पोर्ट केली. पण मग लेक्सिकॉनच्या टप्प्याबाहेर गेलात की गाडी म्हणजे नुसतं लाकूड. आता हे यंत्र कुणाकडे? चार मर्चंट हाऊसेसकडे, म्हणजे व्यापारी घराण्यांकडे, भिंतींच्या आत. बाहेरचे लोक अंधारात, चिखलात. म्हणजे जादूचा नियम लिहितानाच माणसाने टेव्हानचं, त्या गोष्टीतल्या शहराचं, राजकारण पण लिहून टाकलंय, वेगळं भाषण द्यायची गरज पडली नाही त्याला. मी लहानपणी आजोबांच्या कार्डावर आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून जादूच्या गोष्टी आणून वाचायचे, त्यात मांत्रिक हात वर करायचा की महाल उभा. मजा यायची पण महालाचं सिमेंट कुणी उचललं हे कधी कळायचं नाही. इथे ते कळतं.

आता तू म्हणशील हे सगळं पहिल्यातच आहे, मग दुसरा कशाला. तर ऐक. पहिल्या भागात सँचिया चोर आहे, तिला दारं उघडायची आहेत आणि क्लेफसारखी बोलणारी किल्ली हातात आहे म्हटल्यावर कुणाला मजा येणार नाही. युक्त्या शोधण्याचा भाग आहे तो. २०१८ ला तो आला आणि हा दुसरा २०२० ला, आणि लेखकाला मी मानलं कारण दोन वर्षांनी त्याने त्याच युक्त्या मोठ्या आवाजात परत नाही केल्या, बहुतेक सिक्वेल तेच करतात, व्हिलन मोठा, स्फोट मोठा, झालं. याने विचारलं की बरं, युक्त्या सापडल्या, आता त्या वाटल्या तर? सँचिया आणि तिचे साथीदार बेरेनिस, ओर्सो, ग्रेगोर हे चौघं आता दुकान थाटून बसलेत आणि त्यांना सगळ्या हाऊसेसची गुपितं शहरभर मोकळी करायची आहेत. सुरुवातीला एका हाऊसच्या घरात घुसून त्यांनाच कसं गंडवतात ते तू वाचलंयस की नाही? तिथे पण झोप आली असेल तर तुला इंजिनिअरिंगला घालून मी पैसे वाया घालवले.

आणि मग क्रासेडीस येतो. तू बहुतेक त्याच्या आधीच पुस्तक बंद केलंस, अरेरे! हा पहिला हायरोफंट, म्हणजे एकेकाळी साधा माणूस, स्वतःवरच कोरत कोरत देवाच्या जवळपास जाऊन बसलेला. साधे लोक वस्तूला पटवतात, हा थेट सृष्टीला हुकूम देतो, आणि त्या हुकमाची किंमत असते माणसाचा जीव, ते तुला क्लेफमुळे माहितीच आहे. पण मला तो आवडला (आवडला म्हणजे भीती वाटली) तो त्याच्या ताकदीमुळे नाही. तो मुद्दा मांडतो म्हणून. त्याचं म्हणणं असं की तुम्ही माणसांना कितीही चांगलं अवजार द्या, ते फिरून बलवानाच्या हातात जाणार आणि त्यातून नव्या बेड्याच बनणार, मग तुम्ही वाटून वाटून काय मिळवणार? आणि हे तो ऐकवतोय कुणाला, तर सँचियाला. जिला मळ्यावर गुलाम म्हणून ठेवलं होतं, जिच्या कवटीत प्रयोग म्हणून धातूची पट्टी बसवली. ती त्याला "तू खोटं बोलतोस" असं पटकन म्हणू शकत नाही. मी पण नाही म्हणू शकले. मी पुस्तक मिटलं आणि रबाळे स्टेशनवरून चालताना त्याच्याशी मनात भांडत गेले, कारण आमच्याकडे तो झाकणाच्या स्विचचा इंटरलॉक माणूस वाचवायला लावलेला असतो आणि प्रॉडक्शन मागे पडलं की सगळ्यात आधी तोच बायपास करायला सांगतात. अवजार तेच, पॅनलही तोच, सही कुणाची लागते त्यावर सगळं.

अशा देवाला हरवायचं कसं, हा प्रश्न आपल्या लोकांना नवीन नाही. हिरण्यकशिपूने काय केलं होतं, माणूस नको प्राणी नको, दिवस नको रात्र नको, घरात नको बाहेर नको, कसं पक्कं स्पेसिफिकेशन लिहून घेतलं. आणि नरसिंहाने एकही अट न मोडता संध्याकाळी उंबरठ्यावर मांडीवर घेऊन काम केलं. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा तुला त्यात उंबरठाच जास्त आवडायचा, आठवतं का? तर या पुस्तकातले लोक पूर्ण वेळ तो उंबरठा शोधतायत. क्रासेडीस मध्यरात्री सगळ्यात भारी, दुपारी सगळ्यात कमजोर, म्हणजे घड्याळावर पण लक्ष ठेवा. कुणालाही ऐन वेळी नवी शक्ती मिळत नाही, आधी सांगून ठेवलेल्या नियमांतूनच वाट काढायची. ट्विनिंग बघ ना, दोन वस्तूंना पटवायचं की तुम्ही दोन नाही, एकच आहात. पहिल्यात ती एक हुशार ट्रिक वाटते. दुसऱ्यात कुणाच्या तरी डोक्यात येतं की वस्तूच कशाला, आणि मग जे सुरू होतं ते मी सांगणार नाही. बेरेनिस आणि सँचियाच्या संसारासाठी तरी वाच. लेखकाने त्या दोघींचं प्रेम अगदी घरच्यासारखं लिहिलंय, उगाच गाजावाजा नाही.

सगळंच गोड आहे असं नाही हां. मागे मरण लागलेलं असताना हे लोक थांबून एकमेकांना समजावून सांगत बसतात की हे यंत्र कसं चालतं, मला ते चालतं कारण मी पण जेवणाच्या टेबलावर तेच करते, पण तुझ्यासारख्याला कंटाळा येणार हे मान्य. ती 'स्क्रमिंग' नावाची शिवी तर मोजायला बसलं तर माझा हिशेब चुकेल. आणि ओर्सोला आणखी जागा द्यायला हवी होती, असा खवट माणूस पानोपानी पाहिजे, आमचे एक रिटायर झालेले साहेब हुबेहूब तसेच.

पण स्लो? नाही रे. स्लो नाहीये, ते भरतंय. पहिली काही प्रकरणं टाकी भरते तशी भरतात आणि मग व्हॉल्व्ह उघडतो तो शेवटपर्यंत बंद होत नाही, आणि शेवट असा आहे की मी थोडा वेळ बाबांशी पण बोलले नाही. ग्रेगोरचं नाव काढू नकोस माझ्यासमोर, एवढंच सांगते.

तू फोनवर वाचतोस, मध्ये नोटिफिकेशन येतात, म्हणून पण होत असेल. मामा पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय, त्याच्याकडे माझी कॉपी देते, कव्हर घातलंय ते काढू नकोस, आणि समासात पेन्सिलने जे लिहिलंय ते वाचून हसू नकोस, ते माझं आणि क्रासेडीसचं खासगी भांडण आहे. सोबत चिवड्याचा डबा आहे, डबा परत पाहिजे. तिसरा भाग 'लॉकलँड्स' मी मागवलाय, २०२२ लाच आलाय म्हणे, पण तो आधी मी वाचणार, तू शोरफॉल संपवल्याशिवाय तुला मिळणार नाही. क्रासेडीस जिथे पहिल्यांदा आपलं म्हणणं मांडतो तिथपर्यंत पोचलास की फोन कर, मेसेज नको, मला तुझं उत्तर ऐकायचंय.

आई