हजेरी आहे, पगार नाही

डंकन, व्हँकुव्हर बेट, कॅनडा
12 ऑक्टोबर

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आईसाठी आधी हे: खोली उबदार आहे, पोळ्या रोज करते, अस्वल अजून दिसलेलं नाही. मला 'जंगलाच्या म्युझियम'मध्ये नोकरी लागली म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे आलापल्लीच्या जंगलातला पुढचा रस्ता आला असेल, पण आमच्या शेजारून चांगला हमरस्ता जातो.

आता बाबा, "एम.एस्सी. करून भंगार पुसायला गेली का?" हा प्रश्न तुमचा नाही, काकांचा आहे, हे मला कळतं. तरी उत्तर तुम्हाला देते, कारण ते तुम्हालाच समजेल. तुम्ही बल्लारशाच्या लाकूड डेपोत थप्प्या मोजण्यात सगळी नोकरी काढलीत. तोडलेलं लाकूड तिथवर पोचायचं कसं, तेच इथे जपून ठेवलंय. कमलापूरचे वनखात्याचे हत्ती ओंडके ओढायचं जे काम करायचे, ते इथे वाफेच्या यंत्राला जोडलेले लोखंडी दोर करायचे. एक माणूस बुटाला खिळे लावून दीडशे-दोनशे फूट झाडावर चढायचा, शेंडा छाटायचा, मग त्या उभ्या खोडाला कप्प्या बांधून ओंडके ओढायचे. पुढे रेल्वे. हिलक्रेस्ट लंबर कंपनीचं 1920 सालचं 'शे' नावाच्या बनावटीचं वाफेचं इंजिन आमच्याकडे आहे. त्याचे सिलिंडर उजव्या अंगाला उभे, म्हणून तोल राखायला बॉयलर डावीकडे सरकवलेला. समोरून पाहिलं तर बनवणाऱ्याचं माप चुकलं असं वाटतं! बाजूने एक लांब दांडा जातो आणि दातेरी चक्रांनी सगळीच्या सगळी चाकं फिरवतो. वेग म्हणाल तर सायकलवाला गाठेल, पण साधं इंजिन जिथे घसरेल असा चढ हे चढायचं. आता ते बघण्यापुरतंच. पाहुण्यांना फिरवणारी गाडी तीन फुटी रुळांवर धावते, म्हणजे आपल्या नागभीडच्या पूर्वीच्या छोट्या लायनीपेक्षा सहा इंच रुंद.

ट्रक आले आणि ही इंजिनं भंगारात निघाली. तेव्हा इथल्याच लाकूडधंद्यातल्या जेरी वेलबर्न यांनी ती गोळा करायला सुरुवात केली आणि 1965 मध्ये म्युझियम उघडलं. जागा सुमारे 100 एकर. काकांना हा आकडा जरूर सांगा.

एक गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. इथे निवृत्त माणसं फुकट राबतात. देवळातली सेवा असती तर समजलं असतं, पण इथे देव नाही, प्रसाद नाही. सकाळी डबा घेऊन येतात, स्वतःचे पाने आणतात, ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालतात, चहाच्या डब्यात स्वतःचे पैसे टाकून चहा पितात. आणि जाताना वहीत लिहितात: किती वाजता आलो, किती वाजता गेलो. पगार शून्य! आधी वाटलं, नोकरी पक्की व्हायची आशा असेल. सत्तरीत कसली नोकरी? मग वाटलं, घरी पटत नसेल. तर एकाची बायको अधूनमधून केक घेऊन येते, आणि तीही वहीत लिहिते: केक, दोन तास. शेवटी कळलं की अनुदानाच्या अर्जात हे तास दाखवता येतात. म्हणजे मस्टर आहे, सही आहे, फक्त मजुरी नाही. त्यात सगळ्यांना नावाने हाक मारायची. तुमच्या वयाच्या माणसाला नुसतं 'बिल' म्हणणं माझ्या तोंडून निघत नाही. मी खाकरते आणि समोर जाऊन उभी राहते.

माझं काम या लोकांचं बोलणं रेकॉर्ड करणं आणि जुने फोटो लावणं. कोणत्या शिट्टीचा काय अर्थ, दोर तुटला तर कुठे पळायचं, हे यांच्या डोक्यात आहे, आणि डोकी ऐंशीकडे चाललीत.

इथून जवळच पालदी आहे. होशियारपूरकडच्या मायो सिंग यांनी शंभर वर्षांपूर्वी तिथे लाकडाची गिरणी काढली आणि वस्तीला पुढे त्यांच्या पंजाबातल्या गावाचं नाव मिळालं. पंजाबी, चिनी, जपानी, गोरे शेजारी राहायचे. जपान्यांना 1942 मध्ये सरकारने छावण्यांत नेलं. गुरुद्वारा आजही आहे, तेव्हा आई, उपाशी राहायची वेळ येणार नाही.

त्या काळच्या फोटोंत फोरमनचं नाव सापडतं, पगडीवाल्या मजुरांचं बहुतेकदा नाही. मला राग आला, आणि मग आपल्या कपाटातला डेपोचा फोटो आठवला. रेंजर साहेब, तुम्ही, आणि मागे ओंडक्यांवर बसलेले हमाल. बाबा, त्यांची नावं तुम्हालाच ठाऊक आहेत. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन नको, पुढे उमटतं.

आता पैशांचं. व्हँकुव्हरच्या ऑफिसपेक्षा पगार कमी आहे, लपवत नाही; पण भाडंही कमी आहे. मी साठ हजार पाठवले आहेत, लग्नाच्या हॉलचे भरून टाका. पतसंस्थेचं कर्ज इतक्यात काढू नका, दिवाळीनंतर आणखी पाठवते. दादूच्या लग्नाची तारीख माझ्यासाठी अडवू नका. माझ्या इथल्या कामाच्या परमिटचे कागद नव्याने व्हायला दिलेत, ते हातात येईपर्यंत देशाबाहेर पडणं धोक्याचं आहे, म्हणून मार्गशीर्षात जमणार नाही. करवली म्हणून पिंकीला उभी करा. माझी हिरवी पैठणी तिला द्या, आणि लग्न झाल्यावर आठवणीने परत घ्या. थोरलीच्या आधी धाकट्याचं, म्हणून आत्या बोलेलच. माझी परवानगी आहे म्हणावं, लेखी हवी तर हे पत्र दाखवा.

भद्रावतीच्या स्थळाला मी नाही म्हणत नाही. पण मी काय करते असं त्यांनी विचारलं तर 'कॅनडात असते' एवढ्यावर थांबू नका, म्युझियममध्ये नोकरीला आहे असं सरळ सांगा. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का, ते कळवा.

तुमची,
वैशू